पुन्हा पुन्हा होणारं यीस्ट इन्फेक्शन: चिनी उपचारांचा उपयोग कुठे, आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३८, नागपूरच्या मानेवाडा भागात राहते, बुटीबोरीला नोकरी. गेल्या सव्वा वर्षात पाच वेळा यीस्ट इन्फेक्शन झालं. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं, प्रचंड खाज, लघवीला आग. दर वेळी तोंडाने एक गोळी आणि आत ठेवायच्या गोळ्या घेते. आठवड्यात बरं वाटतं, मग पाळीच्या आधी पुन्हा सुरू. शुगर आहे, त्याची औषधं मागच्या वर्षी बदलली. पुण्याच्या नणंदेला ॲक्युपंक्चरने फरक पडला म्हणते. ऑनलाइन चिनी वनौषधींच्या पुरचुंड्या मिळतात, आत ठेवायच्या. सगळी घाण बाहेर काढतात असं लिहिलंय. चिनी उपचार घेऊ का?"

ताई, ॲक्युपंक्चर घ्यायला हरकत नाही. चिनी काढे घेण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि त्या पुरचुंड्या मागवल्या असतील तर परत पाठवा. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ॲक्युपंक्चर नंतर शिकले आणि दोन्ही वापरते, त्यामुळे या तिन्ही गोष्टींवर सविस्तर बोलता येईल. पण तुम्ही ओघात लिहून गेलात त्या एका वाक्यापाशी मी आधी थांबते: "त्याची औषधं मागच्या वर्षी बदलली."

घरातली स्ट्रिप काढा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. 'ग्लिफ्लोझिन'ने संपणारं नाव दिसतंय का? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. ही चांगली औषधं आहेत. हृदय आणि किडनी दोन्ही जपतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली, आणि आज शुगरच्या कितीतरी पेशंटच्या पर्समध्ये ती असते. तिचं काम असं की रक्तातली जादा साखर किडनीकडून लघवीवाटे बाहेर टाकायची, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत. म्हणजे तुमची लघवी अक्षरशः गोड. ती जिथून जाते तिथल्या यीस्टला, म्हणजे बुरशीला, रोज आयतं जेवण मिळतं. या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये यीस्टचा त्रास इतरांच्या तीन-चार पट दिसतो. तुमचा सव्वा वर्षाचा हिशेब आणि औषध बदलल्याची तारीख जुळत असेल तर निम्मं कोडं इथेच सुटलं. मनाने गोळी बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना सांगा. संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. शुगरच्या डॉक्टरांना हा प्रश्न नवा नाही, पण पेशंट सांगत नाही आणि घाईत तेही विचारत नाहीत. कधी औषध बदलतात, कधी तेच ठेवून लघवीनंतर साध्या पाण्याने धुणं आणि नीट टिपून कोरडं करणं एवढ्यावर भागतं.

स्ट्रिपवर तसलं काही नसेल तर एचबीए१सी बघा. तीन महिन्यांची सरासरी साखर चढलेली असेल तर चीनचं, भारताचं, अमेरिकेचं कुठलंच औषध बुरशीला फार दिवस लांब ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट. पाच वेळा झालं म्हणता. त्यातल्या किती वेळा कुणी तपासलं? बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं: पहिल्यांदा तपासलं, मग तीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवत राहिले. (मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान, आपलं मेडिकल चौकातलं सरकारी रुग्णालय नव्हे.) खाज आणि पांढरं पाणी म्हणजे यीस्टच, असं नसतं. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्येही पाणी जातं, पण ते पातळ, करडं, माशासारख्या वासाचं. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गात पिवळट-हिरवं, फेसाळ. यीस्टमध्ये योनीमार्गाची आम्लता सहसा बिघडत नाही, पीएच ४.५ च्या आत राहतो. त्या दोन्हींमध्ये तो वर जातो. हे बघायला कागदाची एक पट्टी आणि दोन मिनिटं लागतात. स्रावाचा थेंब काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं की मायक्रोस्कोपखाली बुरशीचे तंतू आणि कळ्या दिसतात. पुन्हा पुन्हा होत असेल तर एवढ्यावर न थांबता कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून, जात ओळखावी लागते. बहुतेक वेळा ती कँडिडा अल्बिकन्स निघते. पण ग्लाब्राटा निघाली तर तुम्ही घेताय त्या फ्लुकोनाझोलला ती फारशी दाद देत नाही, आणि मग पाचच काय, पंचवीस गोळ्या घेतल्या तरी तेच.

आणखी एक आजार आहे, लायकेन स्क्लेरोसस. बाहेरची त्वचा पांढरी, पातळ, चुरगळल्यासारखी होते आणि रात्री खाज झोपू देत नाही. वर्षानुवर्षं त्यावर यीस्टचं मलम लावत आलेल्या बायका येतात. तो फक्त बघून कळतो, फोनवर नाही. फोटोवरही नाही.

वर्षभरात तीन किंवा जास्त वेळा खरोखर यीस्ट झालं तरच आम्ही त्याला 'पुन्हा पुन्हा होणारं' म्हणतो. आयुष्यात एकदा तरी यीस्ट होणाऱ्या बायका शंभरात पंचाहत्तरच्या आसपास. त्यातल्या या दुर्दैवी गटात जाणाऱ्या पाचाहून कमी. त्यांच्यासाठी आधुनिक वैद्यकाचा ठरलेला मार्ग असा: आधी दर तिसऱ्या दिवशी एक याप्रमाणे फ्लुकोनाझोलचे तीन डोस, मग सहा महिने आठवड्याला एक गोळी. अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, इतर औषधांशी जुळतंय का बघून, आणि गरोदरपणाची शक्यता नसेल तरच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर गोळी घेणाऱ्या ९०.८ टक्के बायका ठणठणीत होत्या, बिनऔषधाची, तशीच दिसणारी गोळी मिळालेल्या ३५.९ टक्के. इथवर छान. मग गोळी थांबवली. वर्ष पूर्ण होताना ठणठणीत राहिलेल्या ४२.९ टक्केच उरल्या, दुसऱ्या गटात २१.९.

माझ्या दृष्टीने चिनी वैद्यकाची जागा ९०.८ आणि ४२.९ या दोन आकड्यांच्या मधली आहे. ९०.८ वर नेण्याचं काम गोळी करते, आणि त्यात सुईने तिच्याशी स्पर्धा करू नये. गोळी थांबल्यावर पुन्हा घसरण का होते, हा प्रश्न मात्र चिनी वैद्य शेकडो वर्षं विचारत आलेत.

त्यांच्याकडे हा विषय किती जुना आहे बघा. बियान चुए नावाचा प्राचीन वैद्य हानदान शहरात आला, तिथे स्त्रियांना मान आहे असं ऐकलं, आणि तो 'पट्ट्याखालच्या' आजारांचा वैद्य झाला, असं चीनच्या सर्वात प्रसिद्ध प्राचीन इतिहासग्रंथात लिहिलेलं आहे. पट्टा म्हणजे कमरेभोवती आडवी फिरणारी वाहिनी, दाइ माइ. बाकी सगळ्या वाहिन्या अंगात उभ्या धावतात, ही एकटीच आडवी, बरोबर करगोट्याच्या जागी. ती ढिली पडली की वरची ओल खाली झिरपते, असा त्यांचा समज. सतराव्या शतकातले फू चिंगझू तर स्त्रीरोगांवरच्या लिखाणाची सुरुवातच पांढऱ्या पाण्यापासून करतात, आणि पहिल्याच ओळीत म्हणतात की हा सगळा ओलीचा आजार आहे. मग रंगावरून पाच प्रकार: पांढरा, हिरवा, पिवळा, काळा, लाल.

आता ही 'ओल' मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. ती कँडिडा नव्हे. फू चिंगझूंच्या पांढऱ्या आणि पिवळ्या प्रकारांत आजचं यीस्ट, बॅक्टेरियल व्हजायनोसिस, ट्रायकोमोनास, गर्भाशयमुखाची सूज, एवढंच काय सामान्य स्रावसुद्धा मिसळलेला असणार. त्यांच्याकडे काच नव्हती. रंग, वास, घट्टपणा, जीभ आणि नाडी होती. त्यामुळे कुणी चिनी निदान करून 'तुम्हाला उष्ण ओल आहे' म्हणालं तर ते तुमच्या शरीराच्या कलाचं वर्णन समजा. रिपोर्ट अजून यायचा आहे.

पण वर्णन म्हणून ते बरंच नेमकं असतं. तुमचंच घ्या. दह्याच्या चोथ्यासारखं, खाज, आग, पाळीच्या आधी उसळी. चिनी पद्धतीने शिकलेला माणूस दोन थर पाहील. उसळी असते तेव्हा यकृताच्या वाहिनीत उष्ण ओल, खाज-आग तिची. उसळी नसते तेव्हा खालचा थर, प्लीहेची दुर्बलता. (त्यांची प्लीहा म्हणजे पचन सांभाळणारी शक्ती, आपल्या पोटातला तो अवयव नव्हे.) जेवल्यावर जडपणा, पोट फुगणं, दुपारी ग्लानी, शौच सैल, गोडाची ओढ. यातलं काय काय जुळतं? जुळलं तर उपचारही दोन टप्प्यांत चालतो: पेटलेलं असताना थंड आणि कोरडं करायचं, शांत असताना पचन उभं करायचं. पाळीच्या आधी पायावर सूज येते, गार वाटतं, कंबर दुखते, पाणी पातळ आणि खूप जातं, अशी एखादी आली तर तिला मूत्रपिंडाच्या उष्णतेची कमतरता म्हणतील आणि उपचार बराच वेगळा ठरेल. माझ्याकडच्या यीस्टच्या पेशंटमध्ये हा तिसरा प्रकार क्वचित. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत दिसतो, आणि तिथे ते बहुधा यीस्ट नसतंच. पाळी गेल्यावर, शुगर किंवा हार्मोनच्या गोळ्या नसतील तर, यीस्ट सहसा होत नाही. आतला कोरडेपणा असतो.

जिभेबद्दल थोडं सांगते, कारण तपासणीतला तो भाग पेशंटना सर्वात गमतीचा वाटतो. ओलीची जीभ फुगलेली, कडांना दातांचे ठसे, वर जाड चिकट थर. थर पांढरा असेल तर ओल, पिवळा असेल तर उष्ण ओल. पुस्तकात हे स्वच्छ आहे. नागपुरात नाही. सकाळी तर्री-पोहे खाऊन आलेलीची जीभ शेंदरी, चहावाल्याकडून थेट आलेलीची तपकिरी, आणि खर्रा खाणारीच्या जिभेवर काय वाचायचं ते चिनी गुरूंनी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून मी पहिल्या भेटीला सांगते: निघण्याआधी दोन तास पाण्याशिवाय काही नको, आणि सकाळी जीभ खरवडायची नाही. जाड पिवळा थर आणि दातांचे ठसे एकत्र दिसले तर मी आधी साखरेचा रिपोर्ट मागते. तो चढलेला निघण्याची शक्यता मला तेव्हा जास्त वाटते. हा माझा अनुभव. याला शास्त्र म्हणणार नाही.

आता वनस्पती. पांढऱ्या पाण्यासाठीचा फू चिंगझूंचा प्रसिद्ध काढा म्हणजे वान दाइ थांग, दहा घटकांचा. त्यात भरपूर प्रमाणात बाइझू नावाचं मूळ आणि चिनी कोनफळाच्या जातीचा कंद, अगदी थोडी छन फी. छन फी म्हणजे वाळवून जुनी केलेली मँडरिन संत्र्याची साल. आपलं नागपुरी संत्रं त्याच जातीतलं. पिवळ्या पाण्यासाठीच्या यी ह्वांग थांगमध्ये तोच कंद, जोडीला मखाणा, इसबगोलाच्या भाऊबंदांतलं एक बी, गिंकोच्या बिया आणि ह्वांग बाइ ही कडू पिवळी साल. मखाणा तोच, जो इतवारीत किलोवर मिळतो. ह्वांग बाइमध्ये बर्बेरिन असतं. आपल्या दारुहळदीतही तेच. प्रयोगशाळेत बर्बेरिन कँडिडाची वाढ रोखतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही संत्र्याच्या साली गच्चीवर वाळत घालाल याची मला खात्री आहे, म्हणून लगेच सांगते: बशीतली बुरशी आणि बाईतली बुरशी यात फार अंतर आहे. पोटात घेतलेल्या बर्बेरिनचा फारच थोडा अंश रक्तात पोचतो. वर ते साखर खाली आणतं आणि यकृतातल्या औषधं पचवणाऱ्या यंत्रणेत लुडबुड करतं. तुमच्या शुगरच्या गोळ्यांवर ते चढलं तर चक्कर येऊन गाडीवरून पडाल. गिंकोच्या बिया कच्च्या किंवा जास्त खाल्ल्या तर विषारी. आणि मखाणे भाजून खायला छान आहेत, जरूर खा. खीर मात्र नको.

उष्ण ओलीसाठीचा सर्वात नावाजलेला काढा लोंग दान शिए गान थांग. त्याची गोष्ट प्रत्येक पेशंटला माहीत असावी. त्यातला एक घटक मु थोंग. कालांतराने मूळ वनस्पतीच्या जागी अरिस्टोलोकिया कुळातली दुसरी वेल त्याच नावाने बाजारात चालू झाली. तिच्यात अरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते किडनी कायमची निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर करतं. बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या चिनी औषधांमुळे बायकांच्या किडन्या गेल्याचं १९९३ मध्ये जगापुढे आलं, तिथेही याच कुळातली एक वनस्पती चुकीच्या जागी घुसली होती. चीनने स्वतः २००३ मध्ये त्या मु थोंगवर बंदी घातली. आपल्याकडची ईश्वरी वेलही याच कुळातली, त्यामुळे 'आपलं ते सुरक्षित' असंही समजू नका. आज चांगल्या उत्पादकाच्या काढ्यात ती वेल नसते. पण ऑनलाइन आलेल्या, चिनी अक्षरांच्या बाटलीत काय आहे हे तुम्ही वाचू शकत नाही, मीही वाचू शकत नाही, आणि शुगरमुळे तुमच्या किडनीवर आधीच भार आहे.

कायद्याचीही बाजू आहे. ॲक्युपंक्चरला केंद्र सरकारने २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्याआधीच, २०१५ सालचा, वेगळा अधिनियम आहे. ही मान्यता सुईला आहे. चिनी वनौषधी आयुषच्या यादीत बसत नाहीत, त्यामुळे आयुर्वेदाच्या औषधावर जी किमान सरकारी नजर असते तीही त्यांच्यावर नाही. म्हणून मी काढे देत नाही. एखादीला वनस्पतीच हवी असेल तर तिला शिकलेल्या आयुर्वेदाच्या वैद्यांकडे पाठवते. आपल्याकडे श्वेतप्रदराचा विचार काही कमी झालेला नाही.

सुईशी मात्र आपल्या भागाचा संबंध जुना म्हणावा असा आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यातच होते, हे आपल्याच गावात फार जणांना ठाऊक नसतं. ते गेले जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला. सुया भारतात आणल्या त्या पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बसूंनी, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस चीनला पुन्हा जाऊन शिकून.

तुमच्यासारख्या पेशंटला मी सुया कुठे लावते ते सांगते, म्हणजे तुम्ही कुणाकडेही गेलात तरी काय चाललंय ते कळेल. सगळ्या सुया पायांवर, पोटावर आणि कंबरेवर. योनीमार्गाच्या जवळ एकही नाही. कुणी तिथे लावायचं म्हणालं तर उठून चालू लागा. गुडघ्याखाली, नडगीच्या आतल्या बाजूने बोट वर सरकवत नेलं की हाड रुंद होतं तिथे एक खळगा लागतो. तो यिनलिंगछुआन, ओलीचा मुख्य बिंदू. ओल असलेल्या बाईला तिथे नुसता अंगठा दाबला तरी ती पाय ओढून घेते. घोट्याच्या आतल्या हाडापासून चार बोटं वर सानयिनजिआव. त्याच बाजूला थोडा आणखी वर, नडगीवर, लिगोउ. खाजेसाठी माझा सर्वात आवडता. बेंबीखाली चार बोटं अधिक एका अंगठ्याची रुंदी एवढ्या अंतरावर जोंगजी, लघवी करून आल्यावरच. आणि कमरेच्या बाजूला करगोट्याच्या रेषेवर दाइ माइचा स्वतःचा बिंदू. सुई केसाइतकी बारीक, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं, एकदाच वापरून फेकायची. वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. आठवड्यातून एकदा-दोनदा, दोन-तीन पाळ्यांपर्यंत, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात चुकवायचं नाही, कारण तुमची उसळी तेव्हाची. दिवस राहिले असतील किंवा तशी शंका असेल तर आधी सांगायचं. सानयिनजिआव तेव्हा टाळतात. मोक्सा, म्हणजे दवण्याच्या जातीच्या वनस्पतीची धूर देणारी कांडी बिंदूजवळ धरून शेक देणं, हे गार पडलेल्या पेशंटसाठी उत्तम. पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत, कूलरच्या झोतात उडणारी राख सांभाळत तो शेक कुणालाच नको असतो. मलाही नको असतो. उष्ण ओलीवर तो द्यायचाही नसतो.

याने बुरशी मरते का? नाही. सुईने कँडिडा मारल्याचा विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही. चिनी औषधांवरचे चीनमधले बरेचसे अभ्यास लहान आहेत, आणि त्यात काढा किंवा धुण्याचं पाणी हे क्लोट्रिमाझोलसारख्या बुरशीनाशक औषधासोबत दिलेलं असतं. मग श्रेय कुणाचं हे वेगळं काढता येत नाही. मला सुईचा उपयोग दिसतो तो खाजेची धार कमी होण्यात, झोप लागण्यात, पाळीआधीची चिडचिड उतरण्यात. वर्षभर या त्रासात काढलेली बाई झोपेतही खाजवते. खाजवलेली त्वचा फाटते. फाटलेल्या त्वचेला पाणी लागलं तरी आग होते आणि तिला वाटतं पुन्हा इन्फेक्शन. संबंध दुखतात, म्हणून ती टाळते, नवरा रुसतो, घरात न बोललेलं भांडण. हे चक्र तुटलं की कित्येकींचं 'सहावं इन्फेक्शन' येतच नाही, कारण ते इन्फेक्शन नसणारच होतं. नणंदेला फरक पडला तो खरा असू शकतो. तिला यीस्ट होतं का, हे विचारा.

आता त्या पुरचुंड्या. दोरा बांधलेली छोटी कापडी गोळी, आत वनस्पतींची भुकटी, बहुतेकदा स्नीडियमचं बी आणि कापरासारखं बोर्निओल. दोन-तीन दिवस आत ठेवायची, मग 'विष बाहेर पडतं'. बाहेर जे पडतं ती चिडलेल्या आवरणाची साल, घट्ट झालेला स्राव आणि भुकटी. योनीमार्ग स्वतःची सफाई स्वतः करतो. तिथले लॅक्टोबॅसिलस आम्ल तयार करतात, तेच तुमचे राखणदार. त्यांना तीन दिवस भुकटीत कोंडून ठेवलंत तर पुढचा पाहुणा कोण येईल सांगता येत नाही. दोरा तुटला तर कापड काढायला आमच्याकडेच यावं लागतं. हेच लसणाच्या पाकळीला, दह्याला, जंतुनाशक पाण्याच्या पिचकारीला आणि सुगंधी 'इंटिमेट वॉश'ला लागू. चिनी परंपरेत कुशेन आणि स्नीडियमच्या काढ्याने बाहेरून धुणं आहे, काही पेशंटना त्याने गार वाटतं. पण तुटलेल्या त्वचेवर तेही झोंबतं.

एक अपवाद आहे आणि तो चिनी नाही. कल्चरमध्ये ग्लाब्राटा निघाली तर बोरिक ॲसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आत ठेवायला देतात, रोज एक, तीन आठवडे. डॉक्टरांनी सांगितल्यावरच. तोंडाने घेतलं तर ते विष आहे, गरोदरपणात वर्ज्य, आणि घरात लहान मुलं असतील तर कुलपात.

खाण्याबाबत चिनी वैद्य आणि तुमच्या सासूबाई यांचं जमणार नाही. त्यांच्या मते दूध, दही, गोड, तळलेलं आणि गारढोण, हे सगळं ओल वाढवतं. म्हणजे दह्याने यीस्ट बरं होतं हा घरगुती सल्ला त्यांना उलटा वाटेल. शास्त्राकडे दह्याच्या बाजूने भक्कम पुरावा नाही, विरुद्धही नाही. ताटात ताक असेल तर प्या. साखर मात्र तुमच्या बाबतीत खरोखर सोडायची आहे, आणि यावर चीन, आयुर्वेद, तुमचे शुगरचे डॉक्टर, सगळ्यांचं एकमत आहे. संत्रा बर्फीवर लिहिलेलं 'संत्रा' वाचून फसू नका. नवरात्रातला उपास म्हणजे नऊ दिवस साबुदाणा आणि बटाटा. दसऱ्यानंतर माझ्या ओपीडीत हीच तक्रार वाढते. सावजीच्या तिखटाने मात्र यीस्ट होत नाही. आग होत असताना ती वाढल्यासारखी वाटते, एवढंच.

आणि खरीखुरी ओल. जुलै-ऑगस्टमध्ये आतले कपडे घरात दोरीवर वाळतात, सकाळी हाताला गार लागतात तरी घातले जातात. हात लावून गार वाटलं तर ते वाळलेले नाहीत. पंख्याखाली टाका किंवा इस्त्री फिरवा. बुटीबोरीपर्यंत रोज गाडीवर, वर घट्ट लेगिंग, आत नायलॉन: कॉटन घाला, आणि कंपनीत पोचल्यावर जमलं तर बदला. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत रात्रभर दमट हवा असते, तेव्हा झोपताना सैल गाउन, आत काही नको. रोजच्या रोज पँटी लायनर लावत असाल तर बंद करा.

मेडिकलवरून घेतलेलं तीन औषधांचं मिश्र मलम घरात असेल, ज्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय, ते मनाने लावू नका. खाज तासाभरात थांबते, कारण त्यात स्टिरॉइड आहे. बुरशी आत निवांत वाढते. आणि सर्दी-घशाला आपणहून अँटिबायोटिक घेणं थांबवा. राखणदार जंतू त्यात आधी मरतात.

नवऱ्याला औषध लागतं का, हेही बऱ्याच जणी विचारतात. त्यांना खाज किंवा पुरळ नसेल तर नाही.

काही गोष्टी असतील तर सुई, काढा, वाट बघणं, सगळं बाजूला ठेवून आधी तपासून घ्या: पाण्याला घाण वास, त्यात रक्त, संबंधानंतर रक्त, ओटीपोटात दुखून ताप, किंवा बाहेर फोड. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पॅप तपासणी तुमच्या वयात तशीही झालेली हवी. गरोदर असाल तर फ्लुकोनाझोलची गोळी नको. आत ठेवायचं औषध सात दिवस, तेही विचारून.

पैशांमुळे अडत असेल तर डागा किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग ओपीडीत दाखवा. खाज सुरू असतानाच जा, बरं वाटल्यावर नाही. नाहीतर काचेवर काही सापडत नाही. आदल्या दोन-तीन दिवसांत आत गोळी, मलम काही ठेवू नका, संबंध नको, आतून धुऊ नका. शुगरच्या स्ट्रिप्स, मागच्या पाच वेळच्या चिठ्ठ्या आणि पाळीच्या तारखा पिशवीत घाला. ॲक्युपंक्चरसाठी नंतर कुणाकडेही गेलात तर तीच पिशवी त्यांच्यापुढे ठेवा, आणि कल्चरचा रिपोर्ट न बघताच सुया काढायला लागले तर दुसरीकडे जा.